खटक्याच्या चाकूची बदनामी

घडीचा चाकू म्हटले की आपल्याकडे रामपुरी आठवतो, आणि रामपुरी म्हटले की पडद्यावरचा गुंड. १९६५च्या ‘वक्त’मधला राज कुमारचा तोरा लोकांच्या अजून लक्षात आहे. उत्तर प्रदेशातल्या रामपुरात ज्याने पाते घडवले, मूठ घासली, खटका बसवला, तो कारागीर मात्र कोणाच्या खिजगणतीत नाही. १९९०च्या दशकात सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी घातली आणि आधीच आक्रसलेला धंदा आणखी बसला. २०२३मध्ये रामपूरच्या एका चौकात सुमारे वीस फुटी चाकू उभारला गेला. पुतळा झाला, कारागिराला गिऱ्हाईक मिळवून द्यायचे राहिलेच.

हत्याराच्या धास्तीने अवजार कसे मरते, हे जपानने अनुभवले आहे. तिथल्या मिकी शहरात १८९०च्या दशकापासून ‘हिगोनोकामी’ नावाचा चाकू बनतो. पत्र्याची पट्टी दुमडून केलेली मूठ, एक पाते, एक रिव्हेट, बस्स. स्प्रिंग नाही, खटका नाही. पात्याच्या बुडाशी छोटी शेपटी असते. ती अंगठ्याने दाबली की पाते उघडते आणि अंगठा तिथेच रोवून धरला की मिटत नाही. चांगल्या चाकूत मधोमध कडक पोलाद आणि दोन्ही अंगांना मऊ लोखंड असते, म्हणून धारेजवळ दोन धातूंची सीमारेषा स्पष्ट दिसते. शाळकरी पोरे याच चाकूने पेन्सिली तासत.

१९६० साली समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांचा भर सभेत एका सतरा वर्षांच्या मुलाने खून केला. शस्त्र होते आखूड तलवार. तरीही मुलांच्या हातात पातेच नको, अशी मोहीम देशभर उभी राहिली. एकामागून एक कारखाने बंद पडले. आज ‘हिगोनोकामी’ या नावाने चाकू बनवणारे नागाओ घराणे तेवढे उरले आहे. जगभरचे शौकीन त्यांचा माल घेतात, हाच त्यांना मोठा आधार.

रामपुरीलाही असेच जाणते गिऱ्हाईक हवे. कायद्यात बसणारा आखूड पात्याचा चाकू थेट कारागिराकडून, घासाघीस न करता घ्यावा. तो काचेच्या कपाटात न ठेवता घरात वापरावा: आंबा चिरावा, सुतळी कापावी, मग पुसून सांध्यात तेलाचा थेंब सोडावा. आणि सरकारनेही चौक सजवण्याआधी या कारागिरांना चांगले पोलाद आणि हक्काची बाजारपेठ मिळवून द्यावी.