लाल गरावरचा आळ

सन 2025 च्या उन्हाळ्यात चेन्नईत कलिंगडावर एक आळ आला. काही फळांत लाल रंग टोचून भरलेला असू शकतो, तेव्हा कलिंगड पारखून घ्यावे, अशा आशयाचा इशारा शहरातील अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांकडून देण्यात आला. कापलेला गर कापसाने किंवा कागदी रुमालाने पुसावा, त्यावर लाल डाग उमटला तर भेसळ समजावी, अशी पारखही सांगितली गेली. त्या पारखेची चित्रफीत भ्रमणध्वनीवरून घरोघर पोहोचली. परिणाम व्हायचा तोच झाला. गिऱ्हाईक बिचकले, भाव कोसळले आणि तिंडीवनम, विळुपुरम, चेंगलपट्टू या भागांतील शेतकऱ्यांचा तयार माल शेतातच पडून राहिला. पुढे खुलासे झाले, अधिकाऱ्याची बदली झाली, नुकसानभरपाईची मागणी मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेली. परंतु कलिंगडाचा हंगाम खुलाशांसाठी थांबत नाही. पिकलेले फळ वेळेत विकले गेले नाही, तर वर्षाची मेहनत मातीत जाते.

मुळात या आळात तथ्य किती? कलिंगडाचा लाल रंग लायकोपीन या रंगद्रव्याचा असतो. टोमॅटोला लाली देणारे द्रव्यही हेच. गर किती लाल व्हावा हे त्या वाणाचे बी ठरवते, आणि आजचे संकरित वाण गडद रंगासाठीच निवडलेले असतात. सुईने टोचलेला रंग घट्ट गरात सर्वत्र सारखा पसरणे कठीण. तो टोचल्या जागीच साचून राहील. शिवाय सालीला छिद्र पडले की जंतूंना वाट मिळते आणि फळ थोड्याच दिवसांत नासू लागते. किलोला मोजके रुपये मिळवून देणाऱ्या फळासाठी एवढा उपद्व्याप कोणता व्यापारी करील? कापसाच्या पारखेचेही तसेच. रसाळ, पिकलेल्या फळाचा गर पुसला तर रसाबरोबर लालसर कणही कापसाला लागणारच. जी पारख निर्दोष फळालाही दोषी ठरवू शकते, तिच्या भरवशावर एखाद्या पिकाचा निवाडा करणे अन्यायाचे होते.

अन्याय केवळ शेतकऱ्यावर झाला असेही नाही. ज्या शहराला या फळाची सर्वाधिक गरज, त्याच शहराने ते ऐन उन्हाळ्यात दूर लोटले. चेन्नईचा उन्हाळा कोरडा नाही. 31 मे 2003 रोजी तेथील पारा 45 अंशांपर्यंत चढला होता. पण आकड्यापेक्षा त्रास देते ती हवेतील दमट वाफ. घाम येतो, मात्र वाळत नाही, आणि शरीरातील पाणी नकळत घटत जाते. मे महिन्यातील ज्या कडक दिवसांना तमिळ लोक ‘अग्नी नक्षत्रम्’ म्हणतात, त्या दिवसांत पाण्याने भरलेले फळ ही निव्वळ चैन नसते.

कलिंगडात शेकडा 91 ते 92 भाग पाणी असते. शंभर ग्रॅम गरातून सुमारे 30 कॅलरी ऊर्जा आणि सहा ग्रॅमच्या आसपास साखर मिळते. तेवढ्याच मापाच्या कोलासारख्या बाटलीबंद पेयात दहा ग्रॅमहून अधिक साखर असते आणि पोषक असे जवळजवळ काहीच नसते. कलिंगडात पोटॅशियम आहे, थोडे क जीवनसत्त्व आहे. टोमॅटोतील लायकोपीन शरीराला नीट मिळावे म्हणून तो शिजवावा लागतो. कलिंगडातील लायकोपीन मात्र कच्च्या गरातूनच चांगले मिळते. सिट्रुलीन नावाचे अमिनो आम्ल तर 1914 मध्ये जपानी संशोधकांना याच फळात प्रथम सापडले आणि त्याचे नावही कलिंगडाच्या लॅटिन नावावरूनच पडले. शरीर त्यापासून आर्जिनीन बनवते आणि आर्जिनीनचा उपयोग रक्तवाहिन्या सैल ठेवण्याकडे होतो. सालीलगतच्या पांढऱ्या भागातही सिट्रुलीन भरपूर असते. कारवार-मंगळूर पट्ट्यातील गृहिणी तो भाग तांदळाबरोबर वाटून त्याचे दोसे करतात, ही काटकसर शहाणपणाचीच म्हणायची.

तथापि स्तुतीलाही माप हवे. कलिंगडाने रक्तदाब बरा होतो, कर्करोग टळतो, अशी विधाने सर्रास केली जातात; ती फळावरच्या आळाइतकीच सैल आहेत. कलिंगड हे फळ आहे, औषध नव्हे. त्यात सोडियम नगण्य असते. दिवसभर उन्हात राबून घामावाटे मीठ गमावणाऱ्या मजुराची गरज केवळ कलिंगडाने भागत नाही. त्याला मीठ घातलेले ताक हवे. चेन्नईत मिळणारे ‘नीर मोर’ ते काम अधिक चांगले करते. मधुमेही माणसाने एखादी फोड खाण्यास सहसा हरकत नसते, पण त्यातील साखर रक्तात झटकन उतरते, म्हणून गाळलेला रस पेल्यावर पेला पिणे इष्ट नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर पाणी व पोटॅशियम या दोन्हींचा विचार करून वैद्यांच्या सल्ल्यानेच हे फळ घ्यावे.

राहिला प्रश्न भीतीचा. भीती बाळगायचीच तर ती गराच्या रंगाची नव्हे, गर कापणाऱ्या सुरीची बाळगावी. कलिंगड जमिनीवर वाढते. त्याच्या सालीवर माती असते आणि मातीत जंतू असतात. न धुतलेल्या सालीवरून सुरी फिरली की ते जंतू थेट गरात उतरतात. लिंबासारखा आंबटपणा कलिंगडात नाही, त्यामुळे तेथे त्यांची वाढ बिनबोभाट होते. कापलेल्या फोडी हातगाडीवर तासन्‌तास उघड्या राहतात, त्यांवर माश्या बसतात, आणि गारवा यावा म्हणून ज्या बर्फावर त्या मांडल्या जातात तो बर्फ कोणत्या पाण्याचा, हे बहुधा कोणी विचारत नाही. उन्हाळ्यात कापलेली फळे खाऊन जुलाब होतात, ते या मार्गाने. यावरचा उपाय साधा आहे: अख्खे फळ घरी आणावे, साल वाहत्या पाण्याने चोळून धुवावी, स्वच्छ सुरीने कापावे आणि उरलेला भाग झाकून थंड जागी ठेवावा. गाडीवरच खायचे असेल, तर डोळ्यांदेखत कापून मागावे. असा इशारा त्या उन्हाळ्यात दिला गेला असता, तर चेन्नईकराच्या पोटाचे रक्षण झाले असते आणि तिंडीवनमच्या शेतकऱ्याचे एकही फळ विक्रीवाचून राहिले नसते.