शपथेलाही नियत लागते

नगरच्या शाळेत परिपाठाला उजवा हात पुढे करून मी रोज प्रतिज्ञा म्हटली. आज माझी नात तीच प्रतिज्ञा उर्दूत म्हणते. आमच्या घरात त्यावरून कधी वाद झाला नाही. तरीही ‘जो म्हणणार नाही, त्याला शाळेत जागा नाही’ असे कोणी म्हटले, तर माझा त्याला विरोध आहे.

ही प्रतिज्ञा १९६२ मध्ये पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली. ती देशभरच्या शाळांत नेण्याचे १९६४ च्या बंगळुरूच्या बैठकीत ठरले, तेव्हा अध्यक्षस्थानी केंद्रीय शिक्षणमंत्री मोहम्मद करीम छागला होते. त्यामुळे मुसलमानांचे प्रतिज्ञेशी वाकडे आहे, हा समज खोटा आहे.

प्रश्न सक्तीचा आहे. १९८५ मध्ये केरळात तीन भावंडांना शाळेतून काढले. राष्ट्रगीताला ती अदबीने उभी राहत, पण आपल्या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावले. उभे राहून मान राखणारे मूल अपमान करत नाही, हे न्यायालयाने मान्य केले. उद्या ते गप्प मूल कुणाचेही असू शकते.

नियत केल्याशिवाय नमाज होत नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. शपथेचेही तसेच आहे. भीतीपोटी म्हटलेली शपथ ही नुसती घोकंपट्टी.

आपल्या भुईकोट किल्ल्यात १९४२ पासून मौलाना आझाद कैदेत होते. तिथेच त्यांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे लिहिली. पुढे ते देशाचे पहिले शिक्षणमंत्री झाले. त्यांचे स्वतःचे शिक्षण घरीच झाले होते, शाळेच्या रांगेत ते कधी उभे राहिले नाहीत. देशासाठी तुरुंगात जायला त्यांना कुणाच्या सक्तीची गरज पडली नाही.

उलट, मे २०२३ मध्ये शेवगावात मिरवणुकीच्या वेळी दोन गटांत दगडफेक झाली. दगड कुठल्याही बाजूने आलेला असो, त्यातल्या बहुतेक हातांनी शाळेत हीच प्रतिज्ञा म्हटली असणार. देशवासीयांना भावंडे मानण्याची शपथ पाठ होती, मुरली नव्हती.

म्हणून शिक्षकांना विनंती आहे: प्रतिज्ञा रोज होऊ द्या, पण गप्प उभ्या मुलाला रांगेबाहेर काढू नका. आठवड्यातून एकदा तिच्यातला एकेक शब्द घेऊन वर्गात बोला. आणि आपल्या मोहल्ल्यालाही सांगणे आहे: जे मूल मनापासून प्रतिज्ञा म्हणते, त्यालाही कोणी टोकू नये. सक्ती जशी शाळेची नको, तशी घरचीही नको.