खटपट्यांना पटांगण हवे

उन्हाळा चढत जातो तसे भंडारदऱ्याचे पाणी मागे सरते. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणामागचा हा जलाशय पावसाळ्यात काठोकाठ असतो. मे महिन्यात मात्र कडेला गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. तिथे होडी पोहोचत नाही आणि चालत जाणारा माणूस रुततो. पाणी, चिखल आणि जमीन असा भेद न करणारे एक वाहन अशा जागी उपयोगी पडते, ते म्हणजे हॉवरक्राफ्ट. ते फक्त कारखान्यातच बनते असे नाही. जगभरातल्या हौशी लोकांनी ते घरामागच्या शेडमध्ये बनवले आहे. महाराष्ट्रातही असे हात गावोगावी आहेत. त्यांना एकत्र बसायला आणि यंत्र तपासून घ्यायला जागा मिळाली पाहिजे.

यंत्राचे मर्म सोपे आहे. १.२ मीटर व्यासाची प्लायची गोल फळी घेतली, तर तिचे क्षेत्रफळ १.१ चौरस मीटरच्या थोडे वर भरते. माणसासकट ९० किलो वजन उचलायला तिच्याखाली हवेचा दाब लागतो तो जेमतेम ८ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. पालापाचोळा उडवण्याचा ब्लोअरही तेवढे काम करतो. फळीच्या कडेने रेक्झिनचा किंवा ताडपत्रीचा घेर बसवायचा. त्याला स्कर्ट म्हणतात. हवा त्यात कोंडते, कडेच्या बारीक फटीतून निसटत राहते आणि यंत्र अधांतरी होते.

या वाहनाचा जन्मही खटपटीतूनच झाला. ख्रिस्तोफर कॉकरेल या इंग्रज अभियंत्याने १९५५ मध्ये मांजराच्या खाण्याचा रिकामा डबा कॉफीच्या डब्यात बसवला, दोन्हींच्या मधल्या फटीतून ब्लोअरची हवा सोडली आणि खाली स्वयंपाकघरातला तराजू ठेवून जोर मोजला. चारच वर्षांनी, २५ जुलै १९५९ रोजी, एसआर-एन१ या हॉवरक्राफ्टने इंग्लिश खाडी पार केली.

डबे आणि तराजू कुणालाही मिळतील. पुढची वाट मात्र गप्पांतून जाते. स्कर्टला कुठले कापड घेतले, शिवण कुठे उसवली? उचलायला आणि ढकलायला एकच इंजिन की दोन? पाण्यावर सुरुवातीला यंत्र स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते, तो ‘हंप’ किती वजनाला ओलांडता आला? वेगात नाक खाली गेले आणि पुढचा स्कर्ट आत ओढला गेला, तेव्हा काय केलेस? या वाहनाला चाके नाहीत, ब्रेक नाही, आणि वळताना ते आडवे घसरते. पुस्तकात हे सगळे चार ओळींत उरकते. ज्याचा स्कर्ट फाटला तो मात्र तासभर सांगतो, आणि ऐकणाऱ्याचा पुढचा अपघात टळतो. शेवटी कुणीतरी विचारतोच, ‘पंख्याला जाळी बसवलीस का?’ या एका प्रश्नासाठी तरी माणसांनी एकत्र बसावे.

ब्रिटनमध्ये हे ओळखले गेले. तिथे १९६६ पासून हौशी हॉवरक्राफ्टवाल्यांचा क्लब आहे. शर्यती होतात आणि यंत्रे तपासली जातात. बर्नहॅम-ऑन-सी गावात २००२ साली एक लहान मुलगी किनाऱ्यावरच्या चिखलात अडकून दगावली, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून बचावासाठी हॉवरक्राफ्ट घेतले. त्याच वर्षी तिथल्या आरएनएलआय या जीवरक्षक संस्थेनेही मोरकॅम्बच्या चिखलाळ खाडीवर ते तैनात केले.

आपल्याकडे कौशल्याचा तुटवडा नाही. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या चारकोपला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले. त्याला चाचणी उड्डाणाचा परवाना मिळायला २०१९ उजाडले. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून चारचाकी उभी केली. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीचा शेख इस्माईल हा पत्र्याची कामे करणारा तरुण. त्याने स्वतः हेलिकॉप्टर जोडले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना पात्याचा घाव लागून तो गेला. गाव त्याचे कौतुक करत होते. पण आधी यंत्र रिकामे चालवून बघ, दूर उभा राहा, असे हक्काने बजावणारी जाणत्यांची बैठक अशा मुलांच्या वाट्याला येत नाही.

मोठ्या पातळीवर हालचाल आहे. तटरक्षक दलाची ६ हॉवरक्राफ्ट गोव्यात बांधण्यासाठी संरक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये चौगुले कंपनीशी ३८७.४४ कोटी रुपयांचा करार केला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ‘बाहा’सारखी गाडी बांधण्याची स्पर्धा आहे, तांत्रिक तपासणीतून पार पडल्याशिवाय तिथे गाडी मैदानात उतरत नाही. वेल्डिंगच्या दुकानात काम करणाऱ्या मुलासाठी मात्र यातले काहीच नाही.

गरज किती जवळची आहे, हे भंडारदऱ्याच्याच अकोले तालुक्याने भोगले आहे. २३ मे २०२४ रोजी सुगावजवळ प्रवरा नदीत बुडालेल्या तरुणाच्या शोधासाठी उतरलेली राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाच्या तीन जवानांचा जीव गेला. हॉवरक्राफ्ट असते तर ते वाचले असते, असा दावा कुणी करू नये. पण नदी, बंधारे आणि गाळ असलेल्या तालुक्यात बोटीखेरीज दुसरे साधन आजमावायला काय हरकत आहे?

भंडारदरा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या कुशीत आहे, आणि हॉवरक्राफ्टचा पंखा कानठळ्या बसवतो. पर्यटकांच्या मौजेसाठी ही यंत्रे जलाशयात सोडू नयेत. काजव्यांच्या दिवसांत तर मुळीच नाही. त्याची गरजही नाही, कारण हॉवरक्राफ्टची पहिली चाचणी सपाट मैदानावरही घेता येते. अकोले-संगमनेर भागातल्या एखाद्या आयटीआयने वर्षातून दोन रविवार आपले वर्कशॉप आणि पटांगण उघडावे. कौशल्य विकास विभागाने तपासणीसाठी निदेशक आणि सहभागींचा विमा द्यावा. पंख्याला जाळी, हाताशी इंजिन बंद करणारा स्विच, अंगात जीवरक्षक जाकीट आणि डोक्यावर हेल्मेट, एवढ्याशिवाय कुणी बटण दाबू नये. या कसोटीला उतरलेले यंत्र जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने प्रवरेच्या संथ पाण्यात, बचावपथकाच्या देखरेखीखाली पारखून घ्यावे. पहिला मेळावा येत्या उन्हाळ्याचे आवर्तन सुटण्याआधी व्हावा.