मातीची परीक्षा कोणासाठी?

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमधील चांग, टप्पर, शिवलखा आदी मातीची धरणे खचली, भेगाळली. तरीही खालच्या गावांत पूर शिरला नाही. कारण आधीच्या दुष्काळाने जलाशयांत पाणीच फारसे उरले नव्हते. हा नियोजनाचा विजय खचितच नव्हे.

यांपैकी काही धरणांच्या पायाखाली पाण्याने भिजलेली सैल रेती होती. अशी रेती हादऱ्यांनी दबू पाहते. पाण्याला निसटण्यास अवधी मिळत नाही, त्याचा दाब चढतो, कणांची परस्परांवरील पकड सुटते आणि जमीन चिखलासारखी वाहू लागते. हे प्रयोगशाळेत आधी अजमावता येते. मातीचा दंडगोलाकार नमुना रबरी आवरणात ठेवून त्यावर भार आलटून-पालटून देतात आणि किती आवर्तनांनंतर तो ढासळतो ते मोजतात. १९७१ साली कॅलिफोर्नियातील लोअर सान फर्नांडो धरणाचा जलाशयाकडील उतार घसरून सुमारे ८०,००० लोकांना घरे सोडावी लागली, तेव्हापासून या चाचण्यांचे महत्त्व विशेष वाढले.

म्हणजे शास्त्र उपलब्ध आहे. प्रश्न उरतो तो अधिकाराचा. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने तज्ज्ञांकडून तपासणीची तरतूद केली आहे. परंतु अहवाल कचेरीच्या कपाटातच राहणार असेल, तर धोक्याच्या छायेत राहणाऱ्याला त्याचा उपयोग काय? नमुने कोठून घेतले, पायाची रेती तपासली काय, निष्कर्ष काय निघाला, हे धरणाखालील प्रत्येक ग्रामसभेपुढे लोकभाषेत वाचले गेलेच पाहिजे. कार्यकर्त्यांनी ही मागणी आपापल्या तालुक्यात लावून धरावी.