पंचवीस हजारांचा ब्रश आणि सेना न्हाव्याची धोकटी

दाढीच्या ब्रशसाठी पंचवीस हजार रुपये मोजावेत काय, हा प्रश्न साहित्यचर्चेच्या पानावर शोभणारा नाही, असे काही वाचकांस वाटेल. आम्हांसही आरंभी तसेच वाटले होते. परंतु हिंगोली जिल्ह्यात मराठी शिकवणाऱ्या आम्हां काही अध्यापकांमध्ये गेले काही महिने या प्रश्नावर जितका वाद झाला, तितका अभ्यासमंडळाच्या नव्या अभ्यासक्रमावरही झाला नाही. एका बाजूचे म्हणणे असे की, ही निव्वळ चैन आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, उत्तम शाईपेनाला आणि कापडी बांधणीच्या ग्रंथाला जो न्याय आपण लावतो, तोच ब्रशलाही लावावा. आमचे मत पहिल्या बाजूकडे झुकते. मात्र चैनीची चीड हे त्यामागचे कारण नव्हे.

आधी वस्तूविषयी. इंग्लंडची केंट ही पेढी १७७७ पासून आणि फ्रान्सची प्लिसाँ १८०८ पासून ब्रश बनवीत आली आहे. उंची ब्रशात बॅजर नावाच्या प्राण्याचे केस असतात. ते बहुतांशी चीनमधून येतात आणि त्यांच्या प्रती लावलेल्या असतात. रुपेरी टोकांचे केस सर्वांत महाग. हे केस पाणी फार चांगले धरतात, टोकाशी मऊ असतात, आणि हाताने बांधलेला तो झुबका चेहऱ्यावर फिरताना सुखद वाटतो, हे मान्यच केले पाहिजे. डुकराच्या केसांचा ब्रश स्वस्त व राठ. तो आधी भिजत घालावा लागतो आणि काही महिन्यांच्या वापराने मऊ होतो. अलीकडे कृत्रिम तंतूंचे ब्रश इतके सुधारले आहेत की, पाचशे-सातशे रुपयांत मिळणारा ब्रश मऊपणात बॅजरच्या फार मागे राहत नाही, आणि वाळतो मात्र लवकर.

पण दाढी मऊ करतो कोण? पाणी. केस दोन-तीन मिनिटे ओला राहिला की तो पाणी पितो, फुगतो आणि पात्याला सहज वश होतो. साबणाचा फेस ते पाणी चेहऱ्यावर धरून ठेवतो आणि पाते घसरवतो. ब्रश फेस करतो आणि केस उभे करतो. म्हणजे खरे काम पाण्याचे आणि धीराचे. त्यातही आमच्याकडचे पाणी बहुधा बोअरचे. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, पांढरा साका तेवढा येतो. त्या साक्यापुढे रुपेरी टोकांचा बॅजर आणि आठवडी बाजारातला प्लॅस्टिकच्या मुठीचा ब्रश हे दोघेही सारखेच हतबल. ज्याला चांगली दाढी हवी त्याने आधी पावसाचे किंवा गाळलेले हलके पाणी तांब्याभर बाजूला ठेवावे. हा सल्ला फुकट आहे, म्हणून तो कोणी घेत नाही.

टिकाऊपणाचा युक्तिवाद वारंवार केला जातो. पंचवीस हजारांचा ब्रश पंधरा वर्षे रोज वापरला तर दिवसाला साडेचार रुपये पडतात, असा हिशेब आम्हांस ऐकवण्यात आला. हिशेब बरोबर आहे. सहाशेंचा ब्रश तीन वर्षे टिकला तर दिवसाला पंचावन्न पैसे पडतात, हाही बरोबर आहे. हिंगोली-वसमतच्या बाजारात गेल्या काही हंगामांत हळदीचा भाव क्विंटलला दहा ते अठरा हजारांच्या दरम्यान हेलकावत राहिला. ब्रशची किंमत म्हणजे शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली दीड-दोन क्विंटल हळद. असे मोजणे रसिकतेला धरून नाही, हे आम्ही जाणतो. पण ज्यांच्या फीवर आमचे वर्ग चालतात त्यांच्या घरी मोजमाप असेच होते.

असो. पैशांचा मुद्दा आम्हांस दुय्यम वाटतो. खरा मुद्दा निराळा आहे आणि तो आमच्या विषयाच्या फार जवळचा आहे.

संत सेना न्हावी यांचा हजामतीच्या रूपकाचा अभंग आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो. त्यात विवेकाचा आरसा आहे, वैराग्याचा चिमटा आहे, शांतीचे पाणी आहे, अहंकाराची शेंडी पिळणे आहे, कामक्रोधाची नखे काढणे आहे. अख्खी धोकटी उलगडून ठेवली आहे. ब्रश मात्र नाही. असणारही कसा? जुन्या हजामतीत साबण नव्हता, म्हणून फेस नव्हता, म्हणून ब्रश नव्हता. वाटीतले पाणी बोटांनी गालावर चोळून चोळून दाढी मऊ करायची, ही रीत. हजामत ही हाताच्या स्पर्शाची विद्या होती. ब्रश आला तो साहेबाच्या साबणाबरोबर. हिंगोलीत निजामाच्या कंटिन्जंट फौजेची छावणी होती. तिच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या सामानातूनच तो प्रथम इकडे उतरला असावा, हा आमचा आपला तर्क.

याच जिल्ह्यातील नर्सीचे नामदेव शिंपी. त्यांच्या पदात मन हा गज होतो आणि जीभ ही कात्री. नामदेव आणि सेना दोघांचीही पदे गुरु ग्रंथ साहिबात समाविष्ट आहेत. या संतांनी हत्याराचे मोल वाढवले ते कामातून. हत्याराची किंमत त्यांच्या काव्यात कोठेच येत नाही. महिपतीच्या भक्तविजयातली (१७६२) कथा वाचकांस ठाऊक आहे. सेना पूजेत गुंतलेले असता देव स्वतः धोकटी घेऊन राजाकडे जातो, आणि तेलाच्या वाटीत राजाला चतुर्भुज रूप दिसते. देवाला दुसऱ्याची हजामत करण्यात कमीपणा वाटला नाही, हे त्या कथेचे मर्म.

कमीपणा वाटला तो समाजाला. मराठीने या कामाचे काय केले ते पाहा. एखाद्याला अपमानित करणे म्हणजे त्याची बिनपाण्याने करणे. लुबाडणे म्हणजे भादरणे. निरुद्योगी माणूस म्हणजे भिंतीला तुंबड्या लावणारा रिकामा न्हावी. तुंबड्या लावून रक्त काढणे ही त्या काळची वैद्यकी, आणि ती करणारा बलुतेदार भाषेत टिंगलीचा विषय! आता तेच काम आपण आपल्या स्नानगृहात, आपल्याच गालावर, पंचवीस हजारांच्या ब्रशने करू लागलो की ती ‘कला’ होते, ‘साधना’ होते. काम तेच, करणारा बदलला की शब्द बदलतो. आमचा आक्षेप या शब्दबदलाला आहे.

दुसरी बाजूही लपवता येत नाही. हाच स्पर्श नाकारलाही गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत लिहिले आहे की, साताऱ्यास असताना घरातल्या मुलांचे केस कापण्याचे काम त्यांची थोरली बहीण करी आणि सरावाने ती त्यात चांगली तरबेज झाली होती. साताऱ्यात न्हावी नव्हते किंवा घरात पैसे नव्हते, असे मुळीच नव्हे; अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी न्हावी तयार नव्हता. घरच्या घरी हजामत ही आज ज्यांना चैन वाटते, त्यांनी हे वाचावे. आणि त्याच्या शेजारी हेही वाचावे: १८९० च्या सुमारास मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. एक नकार माणसाला दूर लोटणारा, दुसरा माणसाला जपणारा. दाढी-डोईचे काम हे असे नैतिक वजनाचे काम आहे. त्याचा विचार ब्रशच्या मुठीवरील नक्षीपाशी थांबवणे आम्हांस अपुरे वाटते.

उंचीपणाच्या हौसेची एक विचित्र कथा पहिल्या महायुद्धाची आहे. युद्धामुळे बॅजरच्या केसांचा पुरवठा आटला, तेव्हा घोड्याचे केस रंगवून, बॅजरसारखे भासवून ब्रश विकले गेले. ते नीट निर्जंतुक केलेले नव्हते. इंग्लंड-अमेरिकेत सैनिकांना व नागरिकांना त्यापासून अँथ्रॅक्स झाला, काही दगावले. नक्कल झाली होती ती दिसण्याची. आणि आज अस्सलाचीही ग्वाही कोण देणार? २०१८ मध्ये चीनमधील बॅजर कसे कोंडले व मारले जातात याची चित्रफीत प्राणिहक्क संघटनेने प्रसिद्ध केल्यावर काही कंपन्यांनी ते केस वापरणेच सोडले.

मग ब्रश घ्यावा की नाही? घ्यावा, कृत्रिम तंतूंचा, पाचशे-सातशेंचा. ज्याला पंचवीस हजार खर्चायचेच आहेत त्याच्यापुढे आम्ही दुसरा हिशेब ठेवतो. २०२० च्या जून अखेरीस टाळेबंदीनंतर सलून उघडली तेव्हा शासनाने केस कापायला परवानगी दिली, दाढीला दिली नाही. आमच्यापैकी अनेकजण त्या महिन्यांत घरी दाढी करायला शिकले आणि पुन्हा खुर्चीकडे वळलेच नाहीत. दाढीचे पन्नास रुपये धरले तर पंचवीस हजारांत पाचशे दाढ्या होतात. आठवड्याला दोन धरल्या तर जवळजवळ पाच वर्षे. नवी ब्लेड, तुरटीचा खडा, टॉवेल, गावातल्या बातम्या आणि एका जाणत्या हाताचा स्पर्श, हे सारे त्या भावात. आमचे ते सहकारी म्हणतात, यात रोजचा निवांतपणा नाही. खरे आहे, सलूनमध्ये नंबर लावावा लागतो.