दोन घरचा पाहुणा

मोटारसायकलवर बसणारा माणूस डोके सांभाळतो ते बहुधा कायद्याच्या धाकाने. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १२९ शिरस्त्राणाची सक्ती करते. पायांबद्दल मात्र ते अवाक्षर काढीत नाही. त्यामुळे डोक्यावर भरभक्कम हेल्मेट आणि पायात अंगठ्याची स्लिपर, असे नरसिंहाचे अवतार आपल्या रस्त्यांवर रोज प्रकट होतात. वर सिंह, खाली बापडा मनुष्य!

आमची नोकरी साताऱ्याला आणि बिऱ्हाड सांगलीला. दर शनिवारी महामार्गाने कऱ्हाड, पेठनाक्याला वळून आष्टा आणि मग सांगली, अशी सुमारे १२० किलोमीटरची वारी मोटारसायकलवरून घडते. तेव्हा बूट हवेत ते असे, की गाडीवर घोट्याची राखण करतील आणि उतरल्यावर मंडईतही निमूट चालतील. ‘अहो, मग दोन जोड घ्या की!’ अशी सूचना घरातून आली. पण दुसरा जोड काय गाडीच्या आरशाला टांगायचा?

आमच्या एका सहकाऱ्यांकडे गाडीचे उत्तम बूट आहेत. गेल्या पावसाळ्यात वळणावरच्या मुरमावर त्यांची गाडी घसरली, पायावर आडवी झाली आणि घोटा मोडला. बूट त्या वेळी घरी, खोक्यात होते. ‘चालताना टाचा सोलतात हो!’ हे त्यांचे स्पष्टीकरण. सहा आठवडे प्लास्टर. माणसाच्या पावलात २६ हाडे असतात, ही माहिती मराठीच्या प्राध्यापकांना एरवी कशाला झाली असती? पण त्यातून एक धडा निघतो. चालताना छळणारा बूट घरी राहतो, आणि घरी राहिलेला बूट कोणाचाच घोटा वाचवीत नाही. म्हणून बुटातला आराम ही चैन नव्हे. तोही राखणीचाच भाग आहे.

आमच्या भागाला अभिमान चपलेचा, आणि तो रास्तच आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यातल्या आठ जिल्ह्यांत सांगली आणि सातारा हे दोन्ही आहेत. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या त्या चामड्याची चालायला सर कशालाच नाही. पण गाडीवर तिची विद्या चालत नाही. गिअर वर उचलायचा तो उघड्या बोटांनी, आणि घोटा तर साफ मोकळा.

मात्र चालण्याचे बूट आणि गाडीचे बूट हे काही हाडवैरी नव्हेत. इटलीतील असोलो गावच्या सांते मात्सारोलो या चामड्याच्या कारागिराने १९६३ साली अल्पाइनस्टार्स ही कंपनी काढली ती डोंगर चढणाऱ्यांचे बूट करीत. मोटारसायकलच्या शर्यतींचे बूट मागाहून आले. कंपनीला नाव दिले तिकडच्या डोंगरावरच्या फुलाचे. कासच्या पठारावर गाडी दूर ठेवून फुले पाहत पायी हिंडणाऱ्या सातारकराला ही सोयरीक पटायला हरकत नाही.

आता निवडीबद्दल. बूट सायंकाळी घ्यावेत. दिवसभरात पाऊल थोडे सुजलेले असते. नेहमीचे मोजे घालून उभे राहावे. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, पण चालताना टाच आत वरखाली होता कामा नये. घोट्याचे हाड पुरते झाकलेले हवे. मग ओले धोतर पिळावे तसा बूट दोन्ही हातांनी पिळून पाहावा. तळ सहज पिळला गेला, तर तो गाडीच्या कामाचा नाही. वाकावा तो फक्त चवड्यापाशी, जिथे आपले पाऊल वाकते. युरोपात ईएन १३६३४ या मानकाखाली घासणे, कापणे आणि आडवा दाब अशा परीक्षा होतात. तो शिक्का असल्यास उत्तम.

त्यानंतर दुकानाबाहेर आपल्याच गाडीवर बसून बुटाचे नाक गिअरच्या दांडीखाली शिरते का पाहावे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी होता, हल्ली तो डाव्या पायाशी असतो. त्या पायाचा बूट वरून आधी झिजतो. तेथे जादा चामड्याची पट्टी हवी. नसेल तर नाक्यावरचा कारागीर बसवून देतो. नाड्या लोंबत्या ठेवू नयेत. नाडीचा फास दांडीत अडकला, की सिग्नलला पाय खाली टेकत नाही आणि गाडीसकट साष्टांग नमस्कार घडतो!

शेवटची परीक्षा खास आपल्याकडची. सज्जनगडावर समर्थांच्या समाधीपाशी, सांगलीत गणपतीच्या देवळात, आणि कोणाच्याही घराच्या उंबऱ्याशी आपण बूट काढतो. दर वेळी अर्धी घटका नाड्यांशी झुंजावे लागले, तर चार दिवसांत स्वारी पुन्हा चपलेवर येते. म्हणून बाजूला चेन असलेला बूट बरा. नाड्या एकदा मापाने बांधाव्यात आणि काढघाल चेनने करावी.

दोन घरचा पाहुणा उपाशी, असे म्हणतात. हा बूट शर्यतीच्या बुटाइतका भक्कम नसेल, आणि चपलेइतका हलकाही नसेल. दोन्ही घरी तो अर्धपोटी जेवला तरी चालेल. शनिवारी निघताना तो पायात असला, की झाले.