गळाचा हिशेब कोण ठेवणार?

परभणी जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तथापि पाण्याचे काठ आहेत. गोदावरीवर ढालेगाव, मुदगल व डिग्रस येथे बंधारे आहेत. पूर्णेवर जिंतूर तालुक्यात १९६८ साली पूर्ण झालेले येलदरी धरण आहे आणि दुधनेवर सेलू तालुक्यात निम्न दुधना प्रकल्प आहे. या काठांवर गळ टाकून बसणे हा जुना विरंगुळा. पूर्वी बांबूची काठी व गांडूळ पुरत असे. आता रॉड व रीलही दिसू लागले आहेत. एका माणसाचा एक गळ, त्याने असे काय बिघडणार, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. आम्हांस मात्र वाटते की, या प्रश्नाचे उत्तर सहजपणे देऊन चालणार नाही.

प्रथम हे पाणी व त्यातील मासे कोणाचे, याचा विचार करू. धरणांतील मासेमारीचा हक्क शासनाचा मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो आणि त्यात मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य असते. संस्था कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली विकत घेऊन पाण्यात सोडते, ठेक्याची रक्कम भरते आणि मासा वाढण्याची वाट पाहते. म्हणजे काठावरून ओढलेला मासा पुष्कळदा भोई समाजातील एखाद्या कुटुंबाने पैसे मोजून सोडलेला असतो. हौस करणाऱ्याच्या हे ध्यानीमनीही नसते.

दुसरी बाब ऋतूची. कटला, रोहू, मृगळ हे मासे पावसाळ्यात, नव्या पाण्याच्या प्रवाहात अंडी घालतात. धरणात जेथे नदी येऊन मिळते, त्या तोंडाकडे ते गर्दी करतात आणि नेमक्या त्याच वेळी, त्याच जागी माणसांचीही गर्दी होते. पूर्ण वाढलेल्या एका रोहू मादीच्या पोटात लाखोंच्या संख्येने अंडी असतात. मरळ माशाची गोष्ट आणखी हळवी. नर-मादी काठाजवळच्या उथळ पाण्यात आपल्या पिलांच्या थव्यावर पहारा देतात. आमिषावर झडप घालणारा हा पहारेकरी गळाला लागला की, मागे उरलेली पिले इतर माशांचे भक्ष्य होतात. म्हणून येथे केवळ माशांची संख्या मोजणे पुरेसे नाही. मासा कोणता, कोठे व केव्हा पकडला, हेही पाहिले पाहिजे.

तिसरी बाब अवर्षणाची. मराठवाड्यात पाणी आटते, तेव्हा उरलेले सारे मासे डोहांत एकवटतात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तो दुष्काळ कोणी विसरलेले नाही. अशा वर्षी गळाला मासे भराभर लागतात आणि पाण्यात मासा विपुल आहे असा भ्रम होतो. वास्तविक तोच पुढच्या पिढीचा शेवटचा साठा असतो.

हा भ्रम केवळ आपल्याकडचा नव्हे. कॅनडातील तळी व नद्यांविषयी जॉन पोस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. हौशी मासेमारीमुळे होणारा ऱ्हास डोळ्यांना दिसतच नाही, कारण ती असंख्य पाण्यांवर विखुरलेली असते, असा इशारा त्यात होता. २००४ साली स्टीव्हन कुक व इयन काउक्स यांनी जगातील एकूण मत्स्योत्पादनापैकी सुमारे १२ टक्के वाटा हौशी मासेमारीचा असावा, असा अंदाज मांडला. पुढे २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

आपल्या कायद्याची दृष्टी वेगळ्या काळात घडली. ब्रिटिश हिंदुस्थानात १८९७ साली मत्स्यव्यवसायाचा कायदा झाला, तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होते. त्या कायद्याचा रोख पाण्यात सुरुंग उडवणे व विष कालवणे यांवर होता. अशा अघोरी प्रकारांना आळा घालणे आजही तितकेच आवश्यक आहे. किनारपट्टीसाठी महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमन कायदा केला. त्यानुसार दर पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौका बंद ठेवल्या जातात. शेजारच्या मध्य प्रदेशात नद्या व जलाशयांतील मासेमारी १६ जून ते १५ ऑगस्ट बंद असते. म्हणजे प्रजननकाळी माशाला उसंत द्यावी, हे तत्त्व सर्वमान्य आहे. ते काठावरच्या गळापर्यंत पोहोचले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे.

यासाठी मोठा खर्च नको. ठेकेदार संस्थेने हौशी व्यक्तीला अल्प शुल्कात एका दिवसाचा परवाना द्यावा व पकडलेल्या माशांची नोंद वहीत करावी. पावसाळ्यात नदीच्या तोंडाशी व मरळीच्या पिलांजवळ गळ टाकू नये. लहान मासा हात ओला करून, अलगद परत सोडावा. शुल्काची रक्कम बोटुकली खरेदीसाठी वापरावी. अशा रीतीने हौशी मनुष्य चोर न ठरता संस्थेचा साहाय्यकर्ता ठरेल.

एक सावधगिरी मात्र हवी. संध्याकाळच्या कालवणासाठी दोन मासे धरणारा भूमिहीन मजूर आणि सुट्टी घालवण्यास मोटारीने आलेला शौकीन यांना एकाच दंडाने मोजणे अन्यायाचे होईल. नियमाचा पहिला भार ज्याला तो सहज पेलेल, त्याच्यावर पडावा. पोटासाठी गळ टाकणाऱ्याला शुल्क माफ असावे. प्रजननकाळाचा नियम मात्र त्यानेही समजून घ्यावा, कारण मासे संपले तर प्रथम उपाशी राहणारा तोच आहे.

जाळे टाकणाऱ्याचा हिशेब ठेक्याच्या कागदावर तरी असतो. गळाचा हिशेब कोठेच नाही. तो ठेवण्यास आरंभ करणे, हे शासन, संस्था व हौशी मंडळी या तिघांचेही कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.